जरा प्रेमळ करा

पाळीव प्राण्यांची चित्रं काढून देण्याच्या धंद्यात प्राणी कमी भेटतात, त्यांचे आईबाबा जास्त. तक्रार नाही, आगाऊ रक्कम तेच देतात. पण पुण्यासारख्या गावात हे काम करू लागलं की लवकरच कळून चुकतं, की मांजराचं चित्र काढायला मांजर लागत नाही. मांजराबद्दलचं मत लागतं. ते ग्राहकाकडे तयार असतं आणि आकाराने मांजरापेक्षा बरंच मोठं असतं.

फोन येतो. “आमच्या मनीचं पोर्ट्रेट करून हवंय. पण नुसतं मांजर नको हं. त्यात ‘ती’ दिसली पाहिजे.”

“कशी आहे ती?”

“अहो, फार वेगळी आहे.”

आपलं मांजर चारचौघींसारखं आहे, असं आजवर एकाही ग्राहकाने मला सांगितलेलं नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागतात. मनीची शेपटी, बाकीची मनी फोटोबाहेर. पडद्यामागची मनी. भाचीच्या वाढदिवसाचा केक, भाची, दोन पाहुणे, आणि कोपऱ्यात बाण काढून दाखवलेली मनी. रात्रीच्या फोटोत डोळ्यांच्या जागी नुसते हिरवे दिवे. मांजराच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परत फिरवणारा एक थर असतो, त्याचा अंधारात तिला फायदा होतो आणि चित्रकाराला तोटा. मनी काळी असली तर दिवेही बरे वाटतात, निदान ती कुठल्या बाजूला आहे ते समजतं. सोबत मजकूर असतो : “यात किती लबाड हसतेय ना?”

फोटोंनी भागलं नाही की घरी बोलावणं येतं. आपण पोचतो, चहा येतो, पोहे येतात, मनी येत नाही. ती कपाटाखाली असते. घरातले सगळे पालथे पडून तिला गोड आवाजात हाका मारतात आणि मधूनमधून माझ्याकडे बघून ओशाळं हसतात. “नवीन माणूस ना, म्हणून. एरवी फार माणसाळलेली आहे.” ही ‘एरवी’ची मांजर मला अजून भेटायची आहे. माझ्या वाट्याला नेहमी ‘आत्ता’ची आलेली आहे.

यात माझं नशीब खास वाईट आहे असं मात्र नाही. मांजर कुणासाठीच बसलेली नाही. इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसरच्या संग्रहात लिओनार्दो द विंचीचा एक कागद आहे, त्याच्या उतारवयातला. त्यावर मांजरंच मांजरं : मुटकुळं करून झोपलेली, अंग चाटणारी, दबा धरलेली, एकमेकांच्या उरावर बसलेली. मधेच सिंह येतात. आणि त्या गर्दीत एक चक्क ड्रॅगन आहे. प्राण्यांचं शरीर कसं वळतं, याचा तो अभ्यास होता असं जाणकार म्हणतात. मांजर पाळलेल्या माणसाला इतकं खोलात जायची गरज पडत नाही. रेखाटन चालू असताना कुणीतरी तिला अंघोळ घालायला गेलं असणार.

हेन्रिएट रॉनर-क्निप (1821–1909) या बाईंनी यावर खरा तोडगा काढला. जन्म हॉलंडचा, संसार ब्रसेल्समध्ये. आधी कुत्री रंगवायच्या, पुढे मांजरांकडे वळल्या आणि त्यांतच नाव कमावलं. त्यांनी काचेची एक पेटीच करून घेतली होती. आत गादी, उशी, सगळा थाट. मांजरांना आत सोडायचं आणि बाहेर बसून रंगवायचं. त्यांच्या चित्रांतली मांजरं इतकी सुखवस्तू का दिसतात, ते यावरून कळतं. माझ्या दीड खोलीच्या स्टुडिओत अशी पेटी ठेवली तर बाहेर मी मावणार नाही. डेव्हिड हॉकनीने 1995 च्या सुमाराला स्टॅनली आणि बूजी या आपल्या दोन डॅक्सहुंड कुत्र्यांची चित्रमालिका केली. कुत्री उठून जाण्याआधी हात चालला पाहिजे म्हणून त्याने घरात कॅनव्हास आणि रंग आधीच मांडून ठेवले होते. तरीही त्या मालिकेतली कितीतरी चित्रं झोपलेल्या कुत्र्यांची आहेत. माणूस कितीही मोठा झाला तरी शेवटी मॉडेलला झोप लागण्याची वाट बघतो.

बरं, झोपलेलं चित्र ग्राहकाला चालत नाही. त्याला भाव हवेत.

भावांच्या बाबतीत कुत्र्याचा चित्रकार सुखी. 2019 साली काही संशोधकांनी कुत्र्यांच्या आणि लांडग्यांच्या चेहऱ्याचे स्नायू उकलून पाहिले. भुवईची आतली बाजू वर उचलणारा एक स्नायू कुत्र्यांत ठळक निघाला, लांडग्यांत जवळजवळ नव्हताच. म्हणजे हजारो वर्षं आपल्या उंबऱ्यावर बसून कुत्र्याने ‘सकाळपासून मला कुणी विचारलंसुद्धा नाही’ हा चेहरा कमावला. लांडग्याला त्याची गरज पडली नाही, कारण त्याचं जेवण त्याचं तो बघतो. त्या भुवईपाशी ब्रशचे चार फटकारे योग्य तिरके पडले की ग्राहकाच्या डोळ्यांत पाणी आणि उरलेली रक्कम माझ्या खात्यात.

मांजराकडे ही सोय नाही. तिचे कान, मिशा, बाहुल्या सगळं बोलतं. बाहुली उन्हात रेघेएवढी होते, संध्याकाळी वाटोळी. पण हे सगळं तिच्या मनातलं सांगतं, आपल्या मनातलं नाही, आणि अडचण तिथेच आहे. माझ्या मते मांजराच्या चेहऱ्यावर मुळात एकच भाव असतो, तो आपल्याबद्दल असतो आणि तो चांगला नसतो. मी तो प्रामाणिकपणे कागदावर उतरवतो. ग्राहक चित्र लांब धरून बघतो, जवळ धरून बघतो, आणि ठरलेलं वाक्य बोलतो : “छान आहे. फक्त जरा प्रेमळ करा.”

पूर्वी मुलीचा ‘दाखवायचा’ फोटो काढताना फोटोग्राफरला ज्या सूचना मिळायच्या, त्या आता मला मिळतात. पोट जरा आत घ्या. नाक एवढं बसकं नाहीये तिचं. पट्टा दाखवू नका, तो आम्ही फक्त बाहेर जाताना घालतो. डाव्या कानाचा तुकडा पडलाय तो भरून द्या. हा तुकडा शेजारच्या बोक्याने काढला असून त्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेत चर्चा झालेली असते, पण चित्रात कान अखंड हवा.

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ लॅब्रॅडॉर घेऊन आले. नाव सम्राट. सम्राटने आल्याबरोबर माझा ओला खोडरबर खाल्ला.

“याला जरा विचारी दाखवा,” गृहस्थ म्हणाले. “हा विचार करतो.”

“कशाचा?”

“ते तो बोलत नाही.”

मी विचारी कुत्रा काढला. कपाळावर किंचित सावली, नजर खिडकीबाहेर, तोंड मिटलेलं. तोंड मिटलेला लॅब्रॅडॉर मी तोवर पाहिलेला नव्हता, तो कल्पनेने काढावा लागला. चित्र न्यायला आलेल्या काकू एकदम म्हणाल्या, “अगंबाई, हे तर आमचे हेच!” मी घाबरलो. पण गृहस्थ इतके खूश झाले की फ्रेमचे पैसे घासाघीस न करता दिले.

नवरा-बायकोने मिळून दिलेली ऑर्डर घेऊ नये, हे मात्र मी सगळ्या होतकरू चित्रकारांना सांगेन. बायकोच्या मते मांजर निरागस असते, नवऱ्याच्या मते अट्टल. दोघंही एकाच मांजराबद्दल बोलत असतात आणि दोघांकडेही पुरावे असतात. अशा एका घरी मी शेवटी दोन चित्रं दिली. ती आता समोरासमोरच्या भिंतींवर लागली आहेत आणि मधून जाताना मांजर कुणाकडेच बघत नाही.

रंगांची कथा वेगळीच. काळं मांजर काळ्या रंगाने काढलं तर कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणून जलरंगवाले अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून काळा करतात. त्यात निळी-तपकिरी धग राहते. त्यावर सूचना येते, “आमची पूर्ण काळी आहे, यात निळी कुठून आली?” पांढऱ्या मांजरात उलटं. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. सावल्या तेवढ्या रंगवायच्या, मांजर आपोआप उरतं. हे सोडणं हेच सगळ्यांत कठीण काम. एका काकांनी ते बारकाईने बघितलं आणि विचारलं, “इथे तर तुम्ही काहीच केलेलं नाही. मग पैसे थोडे कमी ना?” मिशांसाठी मी आधी मास्किंग फ्लुइडच्या रेघा मारतो, वर रंग चढवतो, वाळल्यावर ते रबर सोलून काढतो, खालून पांढऱ्या मिशा निघतात. ग्राहकासमोर हा प्रयोग केला तर किंमत कमी करायचा विषय निघत नाही. ब्रशांबद्दलही सांगायला हवं. भारतातले लघुचित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांचे ब्रश वापरत आले. म्हणजे जी खार मांजरीला जन्मभर हुलकावण्या देत राहिली, तिच्याच शेपटीने मांजरीच्या मिशा कोरायच्या. मुंगुसाच्या केसांचे ब्रशही एकेकाळी आवडीने घेत. आता ते विकणं गुन्हा आहे, आणि तेच बरं. माझे ब्रश नायलॉनचे आहेत, त्यांच्यावर कुणाचे शाप नाहीत.

कायद्याचं निघालं म्हणून : पोपटाच्या ऑर्डरी फार गुपचूप येतात. आपला हिरवा, गळ्याला लाल पट्टी असलेला पोपट पिंजऱ्यात ठेवायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे आता बहुतेकांना माहीत झालंय. त्यामुळे फोनवर आवाज खाली जातो. “तो आमचा नाहीये, येतो-जातो. पण चित्रात पिंजरा दाखवू नका. आणि खाली नाव लिहू नका.” नाव कुणाचं, तुमचं की पोपटाचं, असं विचारलं तर उत्तर पोपटच देतो. मागून तो स्वतःचं नाव खणखणीत सांगत असतो.

मांजराच्या चित्रासाठी माणसं कुठवर जातात, ते बघायचं तर कार्ल काहलरचं 1891 सालचं चित्र बघावं. सॅन फ्रान्सिस्कोच्या केट बर्डसॉल जॉन्सन या लक्ष्मीपुत्रीने आपल्या मांजरांचं समूहचित्र करायला त्याला बोलावलं. काहलर नावाजलेला होता तो मेलबर्नच्या घोड्यांच्या शर्यती रंगवण्यासाठी. त्याआधी त्याने एकही मांजर काढलेलं नव्हतं. इथे एकदम 42 काढावी लागली. चित्र साधारण सहा फूट बाय साडेआठ फूट, वजन शंभर किलोच्या वर. 2015 मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ते आठ लाख सव्वीस हजार डॉलरला गेलं. सगळी मांजरं रेशमी, आब राखून बसलेली, आणि मधोमध सुलतान नावाचं धूड. चित्राचं शीर्षक ‘माझ्या पत्नीचे प्रियकर’, आणि ते बाईंच्या यजमानांनी सुचवल्याचं सांगतात. 42 मांजरांच्या चेहऱ्यांवर मिळून जेवढे भाव नाहीत तेवढे या एका शीर्षकात आहेत. मी ते वाचलं तेव्हा चित्रापेक्षा त्या गृहस्थांचं पोर्ट्रेट बघावंसं वाटलं.

आपल्याकडच्या कलावंतांनी मांजराला असं कधी डोक्यावर घेतलं नाही. महाबलीपुरमला सातव्या शतकातलं ते अवाढव्य शिल्प आहे. कुणी त्याला अर्जुनाची तपश्चर्या म्हणतं, कुणी गंगावतरण. देव, ऋषी, हत्ती यांच्या त्या मेळाव्यात खाली एक मांजर मागच्या पायांवर उभं आहे. पुढचे दोन्ही पंजे डोक्यावर जोडलेले, बरगड्या दिसताहेत, तपश्चर्या जोरात. भोवती उंदीर जमलेत, त्यातला एक तर भक्तिभावाने हात जोडून. पुढे काय झालं असेल ते शिल्पकाराने कोरलेलं नाही, उंदरांचा मान ठेवून. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या कालीघाटच्या पटुआंनी तेच मांजर पुन्हा काढलं : कपाळावर गंध, तोंडात कोळंबी. मला विचाराल तर मांजराची यापेक्षा सच्ची व्यक्तिचित्रं जगात झालेली नाहीत. एका ग्राहक बाईंना मी नमुना म्हणून कालीघाटचं चित्र दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, मग म्हणाल्या, “आमची अशी नाही. आमची कोळंबी खाते, पण मनाने निर्मळ आहे.”

कुत्र्याचं नशीब त्या मानाने थोर. मराठी घरात कुत्र्याचं चित्र भिंतीवर लागलं ते दत्ताच्या तसबिरीतून, तेही एकदम चार, आणि चार वेदांच्या हुद्द्यावर. मात्र इतकी वर्षं रोज हळदकुंकू वाहूनही त्यांतल्या एकाच्याही चेहऱ्याबद्दल कुणी प्रेसकडे तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. वेदांना ‘जरा प्रेमळ करा’ कोण सांगणार?

प्राणी जसा असेल तसा बघणारा ग्राहक म्हणून मला जहांगीर बादशहा फार आवडतो. 1612 मध्ये त्याच्या मुकर्रब खान नावाच्या सरदाराने गोव्याच्या बंदरातून काही अजब प्राणी-पक्षी खरेदी करून आणले. त्यात एक टर्की कोंबडा होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचं डोकं, मान, क्षणाक्षणाला बदलणारे रंग यांचं वर्णन लिहून ठेवलंय आणि वर असंही म्हटलंय, की पणजोबा बाबराने प्राण्यांबद्दल लिहिलं पण त्यांची चित्रं करवून घेतली नाहीत, मी करवून घेतो. उस्ताद मन्सूरने काढलेला टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लाल लोंबती मान, पिसन् पीस मोजून घ्यावं असं. चेहऱ्यावर भाव टर्कीचेच. त्याला हसरा करा, असं बादशहाने म्हटल्याची नोंद नाही, आणि बादशहाने म्हटलं असतं तर मन्सूरला करावंच लागलं असतं.

बाकी लोक मांजराच्या तोंडात आपलंच काहीतरी बघतात, आणि यात शिकलेसवरलेलेही सुटत नाहीत. लुई वेन हा इंग्रज चित्रकार घ्या. 1884 मध्ये त्याचं लग्न झालं आणि थोड्याच काळात पत्नी एमिली कर्करोगाने अंथरुणाला खिळली. घरात पीटर नावाचं काळंपांढरं, रस्त्यावरून आलेलं मांजर होतं. तिचं मन रमावं म्हणून तो पीटरची चित्रं काढायचा. ती गेली, पीटर आणि चित्रं राहिली. पुढे वेनची चहा पिणारी, पत्ते खेळणारी, चष्मा लावणारी मांजरं इंग्लंडमध्ये घरोघरी गेली, पण व्यवहार त्याला कधी जमला नाही. 1924 मध्ये मनोरुग्णालयात गेला तो गरिबांच्या वॉर्डात, मग एच. जी. वेल्ससारख्यांनी आवाहन केलं, तेव्हा बऱ्या जागी हलवला. तिथेही तो मांजरंच काढत राहिला. काही साधी, काही नक्षीची, ठिपके-रेषांमध्ये विरघळून गेलेली. 1939 मध्ये वॉल्टर मॅक्ले या मनोविकारतज्ज्ञाला लंडनच्या एका दुकानात ही चित्रं मिळाली. त्याने ती ओळीने मांडली : साध्यापासून नक्षीकडे, आणि ठरवलं की हा आजार बळावत गेल्याचा आलेख आहे. कितीतरी वर्षं मानसशास्त्राच्या पुस्तकांत तो तसाच छापला जात होता. चित्रांवर तारखाच नव्हत्या. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, हे त्या डॉक्टरने मांजरांच्या तोंडाकडे बघून ठरवलं. माझे ग्राहक निदान कान भरून मागतात, त्यावर सिद्धान्त मांडत नाहीत.

गेलेल्या प्राण्यांच्या ऑर्डरी येतात तेव्हा मीही दुरुस्त्यांना कुरकुर करत नाही. एक पुसट फोटो असतो, एक पट्टा, कधी पाकिटात जपून ठेवलेली केसांची बट. “रंग आठवतो हो, पण सांगता येत नाही,” म्हणतात, आणि तो कधी चहाच्या कपात, कधी पायपुसण्यात शोधून दाखवतात. मी म्हणतील तितकं प्रेमळ करतो. चित्र तयार झालं की नवा प्रश्न उभा राहतो : लावायचं कुठे? आजोबांच्या तसबिरीशेजारी मोकळी जागा असते, पण आजोबांना हयातीत कुत्रा घरात चालत नसे. एका घरी आजींनीच निकाल दिला. “लाव तिथेच,” त्या म्हणाल्या. “आता कोण ओरडणार आहे?” हार मात्र दोघांना एकाच मापाचे आणू नका, एवढी एक अट घातली.

मध्यंतरी सांगोल्याकडचे एक शेतकरी आले, खिलार बैलाचं चित्र काढून घ्यायला. बैलाचं नाव सोन्या. फोटो मोजून तीन, तिन्ही स्वच्छ उन्हात, बैल पुरा फोटोत. मला गहिवरून आलं.

“चेहऱ्यावर भाव कसे हवेत?” मी सवयीने विचारलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. “भाव कसला? बैल हाय त्यो.”

चित्र झाल्यावर त्यांनी ते बाजारात जनावर पारखतात तसं पारखलं. शिंगाचा बाक बघितला, डावं शिंग दोन बोटं आत घ्यायला सांगितलं. मी फोटोशी ताडून बघितलं, त्यांचंच बरोबर होतं. वशिंड पसंत पडलं. खुरांवरून अंगठा फिरवला. शेपटीचा गोंडा ठीक. “पर दात दिसंनात,” म्हणाले. “चार दाती हाय का सहा दाती, बघणाऱ्याला कसं कळावं?” बैल तोंड मिटून उभा आहे, असं मी सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार करून ते मान्य केलं. इतका नेमका, इतका वस्तुनिष्ठ ग्राहक मला जहांगीरनंतर हाच दिसत होता. पैसे मोजता मोजता त्यांनी फोन काढला आणि घरी व्हिडिओ कॉल लावून चित्रासमोर धरला.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग बाई म्हणाल्या, “सोन्याच हाय. पर ह्यो तुमच्याकडं बघतो तसा काढलाय. माझ्याकडं बघतो तसा काढा म्हणावं त्यास्नी.”